वही की एक्सेल? बॉल पायथनच्या नोंदींपुरतं

बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. त्याच्या पैदाशीचा परवाना आणि परिवेश या सरकारी पोर्टलवरची नोंदणी तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळंच कळवावं लागतं आणि त्या कामाला एक्सेल उत्तम. हवी ती तारीख लगेच सापडते, कुठलं पिल्लू कशाला हेट आहे (कुठल्या रंगाचं जनुक न दिसता बाळगून आहे) तेही. साप ठेवायच्या टबवर चिकटवायची कार्डं मी लवकरच सोडली. टब धुताना शाई पसरते.

माझी पहिली दोन वर्षं एक्सेलमध्येच गेली. मग एका मादीनं घोळ घातला. अंड्यांआधीची कात पडली की साधारण महिन्यानं अंडी, हे आपण सगळेच घोकतो. तिनं जानेवारीत कात टाकली, मी खूण केली. तीस दिवस गेले, चाळीस गेले, काही नाही. मार्चमध्ये पुन्हा कात आणि एप्रिलमध्ये सहा अंडी. मी काय करावं? जानेवारीची खूण पुसली आणि मार्चच्या कातीवर टाकली. वर्षअखेरीला हिशोब मांडला, तर सगळ्या माद्या महिन्याच्या आसपास! येणारच ना. न जुळणारी खूण मीच उडवली होती आणि एक्सेलनं चकार शब्द काढला नाही.

आमचा चादरींचा धंदा. आजोबांच्या रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) आकडा खोडून गिरवायला बंदी होती. चुकलं तर आडवी रेघ आणि खाली नवी ओळ. आता सापांचंही वहीत तसंच चालतं. रोज रोजमेळ, रविवारी तिथून प्रत्येक सापाच्या पानावर खतावणी. रेघ मारलेली ओळ वाचता येते आणि वर्षानंतर तीच जास्त टोचते.

दुसरं असं, की माझ्या एक्सेलमध्ये 'नर' या रकान्यात एकच नाव बसायचं. मादी आधीच्या नराचं वीर्य महिनोन्‌महिने साठवू शकते, म्हणजे शेवटी लॉक झालेला (जोडी लागलेला) नरच बाप, असं नाही. रकाने वाढवता येतात, कबूल. मी वाढवले नव्हते.

'1500 ग्रॅमखालच्या मादीची जोडी नको' हेही वहीमुळे जरा सैल झालं. 1380 ची एक मादी पाच चांगली अंडी देऊन गेली, 1900 ची दोन्ही वर्षं निव्वळ स्लग, म्हणजे न फळलेली अंडी. दोघींवरून नियम निघत नाही, आणि हलकी मादी लावा असंही मी म्हणत नाही. जोडी लागावी म्हणून हिवाळ्यात रात्रीचं तापमान उतरवण्याबद्दल तर माझी वही गप्पच आहे. सोलापुरात डिसेंबरची रात्र ते आपणच उतरवते. न उतरवलेलं वर्ष माझ्याकडे नाही.

वहीचा त्रास आहेच. अक्षर लागत नाही, वाळवीची भीती, शोधायला अर्धा तास. म्हणून पानांचे फोटो काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा वहीवरून एक्सेलमध्ये उतरवतो. एक्सेलवरून वहीत मात्र काही उतरवत नाही.