टूलची वर्णनं एजंटला कळतात का? सहा महिन्यांच्या चाचण्यांनंतर

एजंट म्हणजे काम करताना स्वतःच टूल्स (बाहेरची फंक्शन्स) वापरणारं एआय मॉडेल. त्याला टूलच्या आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कुठले रकाने, कसे भरायचे याचा साचा) एवढ्यावरच तो ठरवतो की हे टूल उचलायचं की नाही. जून २०२३ मध्ये ओपनएआयचं फंक्शन कॉलिंग (मॉडेलला टूल्स वापरू देणारी सोय) आलं तेव्हा हेच होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, मॉडेलला टूल्स जोडायचं खुलं मानक) आणला तेव्हाही हेच राहिलं. ही वर्णनं तपासायच्या दोन पद्धती आहेत. दुसऱ्या मॉडेलला वर्णन वाचायला देऊन गुण मागायचे, किंवा प्रश्न देऊन एजंट प्रत्यक्षात काय करतो ते मोजायचं.

गुणांची पद्धत स्वस्त आणि झटपट. एकक लिहिलेलं नाही, तारखेचा साचा नाही, अशा राहून गेलेल्या गोष्टी ती चांगल्या पकडते. पण लांबलचक, सजवलेल्या वर्णनावर ती भाळते. शिवाय एका वेळी एकच वर्णन समोर असल्यामुळे दोन टूल्स एकमेकांच्या हद्दीत शिरतात हे तिला दिसतच नाही. आणि खऱ्या वापरात बहुतेक घोळ तिथेच होतात. लिंटरसारखी (कोडमधल्या वरवरच्या चुका दाखवणाऱ्या साधनासारखी) वापरायला हरकत नाही, त्यापलीकडे भरवसा ठेवू नये.

दुसऱ्या पद्धतीसाठी ४० प्रश्नांचा संच पुरतो: २० सरळ, १० हद्दीवरचे (दोन टूल्सपैकी कुठलंही चालेल असं वाटणारे), ५ टूल न लागणारे आणि ५ माहिती अपुरी असलेले. प्रत्येक प्रश्न ५ वेळा चालवायचा, कारण मॉडेल दर वेळी तेच करेल असं नाही. टूल्सच्या जागी ठरलेली उत्तरं देणारे मॉक ठेवायचे. नोंद तीन गोष्टींची: कुठलं टूल निवडलं, पॅरामीटरमध्ये काय भरलं, तोच कॉल पुन्हा किती वेळा केला. वापरणारे मराठीत विचारणार असतील तर संचातही मराठी प्रश्न हवेत, हे अनेकदा विसरलं जातं.

नमुना बघा. ‘गेट_ऑर्डर’ या टूलचं वर्णन: ‘ऑर्डरची माहिती मिळवते.’ ऑर्डर क्रमांक अनिवार्य. प्रश्न: ‘परवाची ऑर्डर कुठवर आली?’ क्रमांक कुणी दिलेलाच नाही, पण रकाना भरायलाच हवा, म्हणून एजंट एखादा क्रमांक रचून मोकळा होतो. शेजारचं ‘सर्च_ऑर्डर्स’ तसंच पडून राहतं. दुरुस्ती तीन वाक्यांची: ‘ऑर्डर क्रमांक माहीत असेल तेव्हाच वापरा. नसेल तर आधी सर्च_ऑर्डर्सने शोधा. क्रमांक अंदाजाने भरू नका.’ टूल कधी वापरू नये हे सांगणारं वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं, आणि तेच बहुतेक वर्णनांत नसतं.

‘सर्च_ऑर्डर्स’चा घोळ जास्त बेमालूम. ते एका वेळी ५० नोंदीच देतं, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. ‘या महिन्यात किती ऑर्डर आल्या?’ असं विचारलं की एजंट बिनधास्त ५० सांगतो. टूल बरोबर निवडलं, पॅरामीटर बरोबर, एरर नाही. फक्त उत्तर चूक. नुसती टूलची निवड मोजणाऱ्या चाचणीत हा प्रश्न पास होतो. त्यामुळे शेवटचं उत्तरही तपासावं लागतं. मर्यादा वर्णनात लिहायची आणि उत्तरातही ‘२१३ पैकी पहिल्या ५०’ असं परत द्यायचं.

पॅरामीटरचं थोडक्यात: ‘तारीख’ एवढंच लिहिलं तर ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे एजंटच्या मर्जीवर. स्थितीचे पर्याय ठरलेले असतील तर ते ‘इनम’मध्येच (स्कीमातल्या ठरीव पर्यायांच्या यादीत) द्यावेत.

एरर संदेश हाही वर्णनाचाच भाग समजावा. ‘अवैध इनपुट’ एवढंच आलं की एजंट तोच कॉल तीन-चार वेळा ठोकतो. ‘तारीख २०२५-०४-०३ अशी द्या’ असं आलं की बहुधा पुढच्याच कॉलला सुधारतो.

दोन सापळे. एक, वर्णनात ‘नेहमी आधी हेच वापरा’ असं लिहिलं की ते टूल शेजाऱ्यांचेही प्रश्न ओढून घेतं. म्हणून एक वर्णन बदललं तरी पूर्ण संच चालवायचा. दोन, संचातलेच शब्द वर्णनात घातले की गुण वाढतात आणि खऱ्या वापरात फरक पडत नाही. त्यावर उपाय म्हणून १० प्रश्न वर्णन लिहिणाऱ्याला दाखवायचेच नाहीत.

लांबीचा हिशोबही ठेवावा. ६० टूल्स, प्रत्येकी १५० टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते), म्हणजे प्रश्न येण्याआधीच ९,००० टोकन खर्ची.

बाहेरच्या एमसीपी सर्व्हरबाबत जास्त सावध राहावं. ‘रीडओन्लीहिंट’ (टूल फक्त वाचतं), ‘डिस्ट्रक्टिव्हहिंट’ (टूल काही पुसू-बिघडवू शकतं) या नुसत्या सूचना आहेत, हमी नव्हे. वर्णनात लपवलेली आज्ञाही एजंट पाळू शकतो, आणि मंजुरीनंतर सर्व्हर वर्णन बदलू शकतो. मंजूर वर्णनाचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा छोटा ठसा) जपून ठेवायचा. तो जुळला नाही तर टूल बंद करून पुन्हा वाचायचं.

४० प्रश्न ५ वेळा म्हणजे २०० फेऱ्या. रोज चालवायची गरज नाही. वर्णन बदललं की आणि मॉडेल बदललं की चालवायच्या. मॉडेल बदलल्यावर चालवणं लोक टाळतात, आणि जुन्या मॉडेलवर नीट चाललेलं ‘गेट_ऑर्डर’ नव्या मॉडेलवर पुन्हा क्रमांक रचायला लागलं तरी ते कुणाच्या ध्यानात येत नाही.