ऑल-इन-वन हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा का?

हायब्रिड म्हणजे सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा. समजा ४८ व्होल्ट, ५ किलोवॅट. आत एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज कंट्रोलर), ग्रिडवरून बॅटरी भरणारा चार्जर आणि ग्रिड-बॅटरी बदलीचा रिले, सगळं भिंतीवरच्या एकाच डब्यात. यावरून सोलरवाल्यांत कायम दोन तट. एक म्हणतो, इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर वेगळे घ्या, एक गेला तरी दुसरा चालतो. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशात असाच दुसरा डबा जादाचा म्हणून घेऊन माळ्यावर ठेवा. घरगुती वापरापुरतं दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं. पण दोघंही ज्यावर फारसं बोलत नाहीत, ती गोष्ट म्हणजे डब्याची स्वतःची भूक.

या वर्गातली बरीच यंत्रं लोड नसतानाही ५० ते ७० वॅट घेतात. ६० वॅट धरा, दिवसाला १.४४ युनिट झालं. १६ सेलची १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरली तर ५.१२ युनिटांची. दिवसा हा खर्च पॅनल उचलतं, पण रात्रीचे १४ तास म्हणजे ०.८४ युनिट बॅटरीतूनच जातं. इको मोडचा (लोड नसेल तर आउटपुट बंद ठेवण्याचा) उपाय कामाचा नाही. छोटा लोड त्याला दिसत नाही आणि राउटर झोपी जातो.

दुसरा वाद वजनाचा. १०-१२ किलोचा डबा हाय-फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरचा. लो-फ्रिक्वेन्सीच्या डब्यात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, तो उचलायला दोन माणसं लागतात. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही एवढंच असेल तर हलका पुरतो. पाण्याचा पंप असेल तर मात्र जपून. मोटर सुरू होताना चालू करंटच्या ५ ते ७ पट ओढते. हलक्या डब्याच्या ‘१० किलोवॅट सर्ज’ (क्षणभर झेपणारा लोड) या आकड्याशेजारी किती वेळ ते बघा. काही सेकंदही नसेल तर पंप उचलण्याआधी ओव्हरलोड दाखवून डबा बंद पडेल. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) किंवा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग सांभाळणारा) लावून हे निभावता येतं, पण व्हीएफडीला थ्री-फेज मोटर लागते.

सगळ्यात जास्त डबे मरतात ते मात्र पॅनलच्या स्ट्रिंगमुळे, म्हणजे ओळीत जोडलेल्या पॅनलच्या माळेमुळे. समजा एमपीपीटीची मर्यादा ५०० व्होल्ट आणि पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मिळणारं) ४९.५. दहा पॅनल ओळीत लावली तर कागदावर ४९५, म्हणजे बसलं. पण तो आकडा २५ अंशांचा. थंडीत व्होल्टेज चढतं, साधारण ०.२८ टक्के दर अंशाला. पहाटे १० अंशांवर तीच स्ट्रिंग ५१६ व्होल्टच्या आसपास जाते आणि ऊन पडल्या पडल्या इनपुट उडतं. नऊच लावा, ४६४ वर राहाल. अँपिअर थोडे जास्त झाले तर डबा गरजेपुरतेच घेतो (शॉर्ट सर्किट करंटची मर्यादा पाळून). व्होल्टेजला मात्र माफी नाही.

बॅटरीकडे ५ किलोवॅट म्हणजे ४८ व्होल्टला, तोटा धरून, ११० अँपिअरच्या वर. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आखूड केबल, हायड्रॉलिक क्रिम्प केलेले लग (केबलच्या टोकाचे दाबून बसवलेले जोड) आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच फ्यूज. इथे कंजूषी करू नका. शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर सोडते. बऱ्याच एएनएल फ्यूजवर (पट्टीसारखा स्वस्त प्रकार) तर ३२ व्होल्टच छापलेलं असतं, आणि आपली बॅटरी ४८ ची. क्लास टी प्रकारचा फ्यूज घ्या. डीसी ब्रेकरवर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर ते पाळा. उलटा जोडला तर लोडखाली बंद करताना आर्क (ठिणगीचा झोत) विझत नाही आणि ब्रेकरच पेटतो.

बीएमएसशी (बॅटरीतल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) डब्याचं केबलने बोलणं जमलं तर उत्तम, पण सॉकेट आरजे-४५ सारखं (इंटरनेट केबलचं) दिसलं तरी आतल्या पिन कंपनीगणिक वेगळ्या. जमलं नाही तर ‘यूजर’ मोडमध्ये १६ सेलसाठी बल्क (मुख्य चार्जिंग) ५६, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवणं) ५४, कटऑफ (इथे बॅटरी वापरणं थांबतं) ४८ व्होल्ट भरा. इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल समान करणं) बंद आहे ना, हे स्वतः बघा. ती लेड-ॲसिडची सोय लिथियमला घातक.

राहिला न्यूट्रल. बऱ्याच डब्यांत बॅटरी मोडवर तो तरंगता, म्हणजे अर्थशी न जोडलेला असतो, आणि मग फेज बॉडीला लागली तरी आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही. त्यावरचं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. ते फेज-न्यूट्रलवरच चालतं, अर्थ नसतानाही खटका पडतो. ग्रिड बंद करून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. सप्लायच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसलं तर न्यूट्रल बहुधा तरंगताच आहे. मग बाहेरून न्यूट्रल-अर्थचा कायमचा जोड मारू नका, कारण ग्रिड आल्यावर दोन ठिकाणी जोड होतो. बॅटरी मोडवरच जोड देणारा रिले आत असलेलं मॉडेल घ्या, आणि ते सेटिंग चालू आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.