मोठे पूर्णांक उलट्या क्रमाने: ग्वावाचा कंटिग्युअससेट काही महिने वापरल्यावर

जावात पूर्णांक उतरत्या क्रमाने हवे असले की पहिला चकवा लाँगस्ट्रीम (पूर्णांक एकामागून एक पुरवणारी जावाची सोय) देतो. त्याच्या रेंजला १०० ते १ सांगा. एरर येत नाही, उलटी मोजणीही होत नाही, गुपचूप रिकामा स्ट्रीम हातात पडतो. शिवाय लाँगची (जावाचा ६४ बिटांचा पूर्णांक) धाव ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंतच. माझं काम १२८ बिटांच्या आकड्यांचं, त्यामुळे गेले काही महिने ग्वावा या गूगलच्या जावा लायब्ररीतला कंटिग्युअससेट (सलग आकड्यांचा सेट) वापरतोय, बिगइंटिजरच्या (कितीही मोठा पूर्णांक धरणारा प्रकार) डोमेनसकट, म्हणजे पुढचा-मागचा आकडा कोणता हे सांगणाऱ्या नियमासकट.

रेंज मात्र कायम लहानाकडून मोठ्याकडेच लिहायची. उलटी लिहिलीत तर जागच्या जागी एक्सेप्शन येतं, आणि ते मला लाँगस्ट्रीमच्या मौनापेक्षा कधीही चालेल. मग डिसेंडिंगइटरेटर मागायचा, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे एकेक आकडा देणारा. आत आकडे साठवलेले नसतातच. दोन टोकं माहीत असतात आणि पुढचा आकडा मागितला की आधीच्यातून एक वजा होतो.

याचा खरा उपयोग मूळ संख्या शोधताना झाला. बिगइंटिजरकडे पुढची मूळ संख्या देणारी मेथड आहे, मागची देणारी नाही. म्हणून ० ते २^१२८ − १ असा सेट केला, उतरता इटरेटर घेतला आणि प्रत्येक आकड्याला इझप्रोबेबलप्राइम (आकडा बहुधा मूळ आहे का ते तपासणारी मेथड) लावलं. २^१२८ − १५९ वर मूळ संख्या सापडून काम संपतं, म्हणजे अवघे १५९ आकडे तयार होतात. सेट कागदावर केवढाही असला तरी मेमरीला त्याचा पत्ता नसतो.

अर्धवट राहिलेलं काम पुन्हा सुरू करणंही सोपं आहे. शेवटचा तपासलेला आकडा हेडसेटला (दिलेल्या आकड्याखालचा भाग कापून देणारी मेथड) द्यायचा, तो आकडा वगळायला सांगायचं आणि पुन्हा उतरता इटरेटर घ्यायचा. मला ही सोय सगळ्यांत जास्त आवडली.

आता खाचखळगे. एवढ्या मोठ्या सेटचा साइझ विचारला तर २१४७४८३६४७ असं उत्तर येतं, कारण इंटमध्ये (जावाचा ३२ बिटांचा पूर्णांक) त्याहून जास्त मावत नाही. त्यावर टक्केवारी काढाल तर प्रोग्रेस बार थापा मारेल. टोकांची वजाबाकी करून एक मिळवा, खरी संख्या मिळते. कंटेन्सला (आकडा सेटमध्ये आहे का ते सांगणारी मेथड) चुकून लाँग दिला तर कंपायलर हूं की चूं करत नाही, उत्तर सरळ फॉल्स. आणि सगळ्यांत वाईट लॉगिंग: मूळ सेट छापला तर फक्त दोन टोकं दिसतात, पण डिसेंडिंगसेट (त्याच सेटचं उलटं रूप) छापायला गेलात तर तो एकेक आकडा लिहायला बसतो. रेंज असल्याची जाण त्या उलट्या रूपात उरतच नाही. म्हणून मी डिसेंडिंगसेट कुठेही पास करत नाही, फक्त इटरेटर घेतो. हॅशकोडच्या वाटेलाही जाऊ नका, तोही एकेक आकडा मोजत बसतो. डॉक्युमेंटेशनमध्येच तसा इशारा आहे.

पायरी एकाचीच. दोन-दोनने किंवा हजाराने उतरायची सोय नाही. तिथे जावा ९ पासून आलेलं तीन आर्ग्युमेंटचं स्ट्रीम.इटरेट बरं: सुरुवात, कुठवर जायचं ती अट, आणि सबट्रॅक्ट. नुसती उलटी मोजणी हवी असेल, रेंज कापायची नसेल किंवा कंटेन्स विचारायचं नसेल, तर त्यासाठी ग्वावा प्रोजेक्टमध्ये ओढू नका. आणि आकडे लाँगमध्ये बसत असतील तर साधा फॉर लूपच लिहा, कारण बिगइंटिजरमध्ये प्रत्येक वजाबाकीला नवा ऑब्जेक्ट जन्माला येतो आणि सतत फिरणाऱ्या लूपमध्ये गार्बेज कलेक्टरला (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा) फुरसत मिळत नाही.