कागद, मोबाइल की ई-रीडर: रात्रीच्या लाइनीवर बसून केलेली तुलना

"मामा, वाचाचं मशीन घेऊ का, का त्या पैशात पुस्तकंच घेऊ?" दिग्रसला नोकरीवर लागलेल्या भाच्यानं पहिल्या पगाराला विचारलं. म्हटलं, "पह्यले हे सांग, तू वाचतं कव्हा?" त्याला ते काही सांगता येईना.

सगळं इथंच अडतं. विशीत मी जागलीला मचाणावर बसून टॉर्चच्या उजेडात कादंबरी एका रात्रीत संपवायचो. रानडुकरं खालून चणा खाऊन गेली तरी पत्ता नसायचा. आता सेहेचाळीस चालू आहे. बारीक टाइप दिसत नाही आणि सलग तासभर निवांत मिळतो कुठं? आमच्याकडे कृषिपंपाची लाइन पाळीनं येते, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्रपाळीत स्प्रिंकलरचे पाइप एकदा बदलले की पुढच्या बदलापर्यंत जो वेळ मिळतो, तेच माझं वाचनालय. कागदाचं पुस्तक, मोबाइल आणि ई-रीडर, म्हणजे भाच्याचं ते वाचायचं मशीन, या तिन्ही गोष्टी मी तिथंच धुऱ्यावर वापरून पाहिल्या.

कागदाचं पुस्तक थंडीत दहिवरानं ओलं होतं. टॉर्च लावला की किडे पानावर उतरतात आणि पान उलटताना चिरडतात. माझ्या काही पुस्तकांत तसे डाग आहेत. पण वाचलेलं कुठल्या बाजूला, पानाच्या वर होतं की खाली, हे महिन्यांनीही आठवतं. पडद्यावर वाचलेलं मला तसं सापडत नाही. शिवाय पुस्तक चार घरं फिरतं. दोन परत येत नाहीत, तो भाग वेगळा.

मोबाइल खिशातच असतो, अक्षर दोन बोटांनी मोठं होतं. मराठी विश्वकोश त्यावर फुकट वाचता येतो, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं आहेत. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुढच्या वर्षापासून त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं नेटवर बिनघोर उतरवून घ्या. अडचण अशी की तिसऱ्या पानाला गावच्या ग्रुपवर तुरीचा भाव येतो, मग त्यावर भांडण होतं आणि आपण त्यात असतो. दुसरं, रात्री वावरात चार्जिंग वाचनात उडवू नये. साप निघाला, पाय घसरला, तर घरी फोन लावायला तोच एक आधार.

ई-रीडरबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पैसे तिथं लागतात. त्याचा पडदा मोबाइलसारखा नसतो. आत शाईचे बारीक काळे-पांढरे कण असतात, ते विजेनं वर-खाली सरकून अक्षर उमटतं आणि एकदा उमटलं की टिकवायला वीज लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडे पुरतं, भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. चष्मा विसरला तर टाइप मोठा करायचा, संपलं. माझ्या वयाला ही गोष्ट लाखाची वाटली.

पण खोट आहे. किंडल या अमेझॉनच्या ई-रीडरवर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात, तरी आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांची बरीच पुस्तकं अजून कागदावरच आहेत. वऱ्हाडी बोलीतलं काही वाचायचं म्हटलं की हमखास अडतं. स्कॅन केलेली पीडीएफ त्या सहा इंची पडद्यावर मुंग्यांसारखी दिसते. ईपबसारखी ई-पुस्तकासाठीच बनवलेली फाइल असेल तरच अक्षर नीट मोठं होतं. आणि खाटेवर ठेवलेल्या यंत्रावर कोणी बसलं की पडदा गेलाच, आमच्या एका सोबत्याचा तसाच गेला. आता किंमत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. बरा ई-रीडर म्हणजे दीड-दोन क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर.

ऐकायची पुस्तकं मी वाचनातच धरतो. आमच्याकडे ग्रामगीता एकानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, असंच चालत आलं आहे. वेचणीच्या वेळी, हात गुंतलेले असताना हा प्रकार छान. एकच कान भरा, दुसरा वावराकडे ठेवा. मोबाइलचा यांत्रिक आवाज मात्र "जरा थांब" मधला जरा म्हातारपणाच्या जरेसारखा उच्चारतो, तेव्हा आमची आई खुदकन हसते. ती लिहायला-वाचायला शिकली नाही, पण या हिवाळ्यात तिची दोन पुस्तकं माझ्याआधी ऐकून झाली.

तर भाच्याला सांगितलं ते असं. आधी तालुक्याच्या वाचनालयाचं सभासद हो. जुजबी वर्गणीत भागतं. आमच्या वाचनालयाची कपाटं कुलपात आणि किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला, असंही होतं, तरी जा. दोन महिने काय वाचलं आणि कुठं बसून वाचलं, ते वहीत मांड. महिन्याला दोन-तीन जाड कादंबऱ्या होत असतील आणि त्या ई-बुकात मिळत असतील, तर यंत्र घे. कविता, दिवाळी अंक, वैदर्भीय लेखन यांवर जीव असेल, तर पैसे कागदात घाल. मोबाइलवर वाचायचंच तर एअरप्लेन मोड लाव, नाहीतर नाद सोड.

तोवर सवय तपासायला माझाच ई-रीडर त्याला महिनाभरासाठी दिला. त्याला आता तीन महिने झाले. परवा मागितला तर म्हणतो, "मामा, अजून ठरून नाही राहिलं."