ठिणगी की घनता : घरच्या कार्यशाळेत धातू ओळखताना

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला तुकडा कोणत्या धातूचा आहे, हे ठरवण्यासाठी घरी दोन चाचण्या करता येतात: ग्राइंडरवरची ठिणगी आणि पाण्यातली घनता.

लोखंडाच्या जाती ओळखायच्या असतील, तर ठिणगीला तोड नाही. माइल्ड स्टीलच्या, म्हणजे कमी कार्बनच्या साध्या पोलादाच्या, ठिणग्या लांब, पिवळसर आणि कमी फाट्यांच्या असतात. कार्बन वाढतो तसे फाटे दाट होतात, म्हणून जास्त कार्बनच्या पोलादाची जुनी कानस ग्राइंडरच्या चाकाला टेकवताच फुलबाजीसारखा फुलोरा उडतो, तर बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ठिणग्या चाकाजवळ तांबूस आणि आखूड राहतात. मात्र ओळखीच्या पोलादाचा नमुना शेजारी घासून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम ठिणग्या देत नाहीत. मऊ ॲल्युमिनियम तर चाकात भरून बसते. मॅग्नेशियमची भुकटी पेट घेते, त्यामुळे तसा संशय असलेला तुकडा चाकाजवळ नेऊच नये.

ठिणगी न देणाऱ्या धातूंसाठी घनता पाहावी. तुकडा कोरडा तोलावा, मग काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवावा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील, तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. वजनाला त्याने भागल्यास ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, पितळ साधारण ८.५, तर शिसे ११.३ देते. माइल्ड आणि स्टेनलेस स्टील मात्र दोन्ही आठच्या आसपास येतात, आणि पोकळ ओतकाम हमखास फसवते.

हत्यारे घडवणाऱ्याने आधी ठिणगीवर हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.