बॅकरेस्टवाल्यानं ड्रिल काढलं की त्याचा हात धरा

६,३४९ रुपये. त्यात ४,६५० बाइकच्या मागच्या सीटला लावायच्या बॅकरेस्टचे, ७०० फिटिंगचे आणि ९९९ ‘रिटर्न पिकअप’चे, म्हणजे माल परत न्यायचे, जो पिकअप कधी आलाच नाही. वर चिरलेल्या सीट बेसचे १,८५० आणि मागे बसणाऱ्यानं धरायच्या नव्या ग्रॅब हँडलचे १,२४०. ओळखीतले ‘किती गेले रे?’ असं हसत विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ९,४३९. हसा आता.

हौस म्हणून घेतलं नव्हतं. बायकोची कंबर दुखते; आमच्या ३५० सीसीच्या क्रूझरवर मागे तासभर बसली की उतरताना कण्हते. एरवी मी एकटाच फिरतो, त्यामुळे हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा काढून घरात ठेवायचा, असा बॅकरेस्ट हवा होता. एका ऑनलाइन पेजवर जाहिरात दिसली तेव्हा मॉडेल, साल, सीटखालच्या बोल्टचे फोटो सगळं पाठवलं. उत्तर आलं, ‘सर, तुमच्याच मॉडेलचा आहे, बोल्ट-टू-बोल्ट बसतो.’ सोबत माझ्याच रंगाच्या गाडीचा व्हिडिओ. १,५०० ॲडव्हान्स, उरलेले ३,१५० आणि फिटिंगचे ७०० घरी येणाऱ्या पोराला, माल बघून. यापलीकडे माणसानं खात्री तरी काय करायची?

पोरगा आला. सीट काढली, ग्रॅब हँडल काढलं, ब्रॅकेट टेकवून बघितला आणि पिशवीतून ड्रिल मशीन काढलं.

तिथं. नेमकं तिथं थांबवायला हवं होतं. मी विचारलंही, ‘अरे, बोल्ट-टू-बोल्ट ना?’ तर म्हणाला, ‘दादा, प्रत्येक गाडीत दोन-चार एमएमचा फरक असतोच.’ कसला फरक? एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या एकाच साच्यातून निघतात. फरक ब्रॅकेटमध्ये होता, कारण तो कुठल्याच गाडीसाठी बनवलेला नव्हता. पण पोरगा इतक्या सराईतपणे बोलत होता आणि गाडी आधीच अर्धी खोललेली होती. अशा वेळी कोण भांडत बसतं?

काढता येणारा बॅकरेस्ट म्हणजे दोन भाग. एक ब्रॅकेट गाडीवर कायमचा राहतो, तो मडगार्डच्या किंवा ग्रॅब हँडलच्या मूळ बोल्टवरच बसतो. फार तर स्पेसर आणि थोडे लांब बोल्ट लागतात. पाठीचा भाग त्यात सरकून लिव्हरनं किंवा नॉबनं लॉक होतो. माणूस रेलला की ओढ चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर जायला हवी. नवीन भोक लागतच नाही. याने भोकं पाडली ती सीटच्या प्लॅस्टिक बेसला. तो बेस वरून येणारं वजन पेलतो, मागे खेचणारा जोर नाही. बायको रेलली आणि भोकापासून चीर गेली. सिग्नलला उभे होतो म्हणून बचावलो. धरायला हँडलही नव्हतं, कारण ते ‘आता बसणार नाही’ म्हणून पोरगा घेऊन गेला होता. मागे बसणाऱ्यासाठी कायमस्वरूपी हँडग्रिप असावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. हँडल काढू देऊ नका, काढलंच तर घरात ठेवा.

आणि ड्रिल हाच खरा सापळा. परत करतो म्हटल्यावर उत्तर आलं, ‘सर, ड्रिल केलेला माल परत होत नाही.’ ड्रिल केलं कोणी? तुमच्याच माणसानं! मग मेहेरबानी म्हणून ‘स्पेशल केस, ९९९ पिकअप चार्ज भरा.’ भरले. ब्लॉक.

पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढं वाचून गेलो होतो. ते म्हणाले, ‘मग तुम्हीच घ्या लिहून.’ दिवाणी मामला आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, हॅकिंग नाही, ग्राहक मंचात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं खरं. पण नोटीस पाठवायला विक्रेत्याचा पत्ता लागतो. ज्याच्याकडे पैसे गेले त्याचं नाव-गाव बँकेला माहीत, बँक ते पोलिसांनाच देणार, पोलीस मागणार नाहीत आणि मला आयोगात विचारणार की पत्ता कुठाय! कर भरणारा माणूस फाइल घेऊन फिरतोय आणि प्रत्येक टेबलावर बोट पुढच्या टेबलाकडे. एकानं तर सल्ला दिला, ‘साडेनऊ हजारांसाठी कशाला डोक्याला ताप?’ त्याच्या खिशातून गेले असते तर?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, नंतर कोणी विचारत नाही. पेजवर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव नसेल तर एक रुपयाही ॲडव्हान्स नको. ऑनलाइन विकणाऱ्यांनी ते दाखवायचं, असे २०२० पासून नियमच आहेत. ‘युनिव्हर्सल’, म्हणजे कुठल्याही गाडीला बसतो, असा शब्द दिसला की पुढे सरका.

ते पेज आता बंद आहे. तोच व्हिडिओ दुसऱ्या नावानं फिरतोय, किंमत ४,२५०. त्यात गाडी मागून एकदाही दिसत नाही. तुमच्यासमोर आला तर सीट काढून ब्रॅकेट कुठल्या बोल्टवर बसलाय त्याचा फोटो मागा. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला. लगेच ब्लॉक झालो.