झांडमोटरवरची जीवाश्मफेरी : पाचापैकी साडेतीन

नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या किनाऱ्यावर हाडं शोधायला नेणाऱ्या फेऱ्या असतात. आम्ही घेतलेली फेरी झांडमोटरवरची, सकाळच्या ओहोटीची. मुलगा डेल्फ्टला असतो, बुकिंग त्यानं केलं. सून आणि नात सोबत. मी चिपळूणला भूगोल शिकवायचे, त्यामुळे हे परीक्षण थोडं पेपर तपासल्यासारखं होणार.

आधी जागा. झांडमोटर म्हणजे २०११मध्ये डच लोकांनी मुद्दाम किनाऱ्याला जोडून टाकलेला वाळूचा ढीग, २ कोटी १५ लाख घनमीटर. वारा आणि लाटा तीच वाळू हळूहळू किनाऱ्यावर पसरवतात. ही वाळू उपसली समुद्रतळातून, आणि तो तळ एके काळी कोरडी जमीन होता. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पुढे बर्फ मागे हटल्यावरही इंग्लंडहून डेन्मार्कला पायी जाता येईल एवढी जमीन उरली होती. त्या मुलखाला डॉगरलँड हे नाव ब्रायनी कोल्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९८मध्ये दिलं. गाइडनं काठीनं वाळूवर नकाशा काढून हे सांगितलं. इथे पैकीच्या पैकी.

शोधायचं कसं, हेही त्यानं नीट शिकवलं. जुनं हाड काळपट असतं आणि हातात घेतलं की आकाराच्या मानानं जड लागतं. त्याच्या पिशवीत मॅमथची, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीची, दाढ होती. वरून बघितली तर नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारखी. नातीनं ती शेवटपर्यंत सोडली नाही. १९३१ची गोष्टही त्यानं रंगवून सांगितली : ‘कोलिंडा’ नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचं, म्हणजे दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचं, ढेकूळ आलं, फोडलं तर आत शिंगाचं दातेरी भाल्याचं टोक. ते १३ हजार वर्षांहून जुनं निघालं.

गुण कापले ते पुढे. नॉर्वेजवळ समुद्राखालची दरड कोसळली, त्सुनामी आली आणि डॉगरलँड एका दिवसात बुडालं, असं त्यानं ठोकून दिलं. स्टोरेगाची ती दरड खरी आहे, साधारण ८ हजार १५० वर्षांपूर्वीची. पण समुद्र त्याआधी हजारो वर्षं चढतच होता. लाट आली तोवर बेटं आणि सखल पट्टे तेवढे उरले होते. मी विचारलं, तर तो हसला आणि पुढे चालू लागला. मास्तर असता तर वर्गानं सोडलं नसतं!

दुसरं असं, की उपसलेल्या वाळूतलं हाड कुठल्या थरातून, कशाशेजारून आलं, हे कळत नाही. मग तिथला मुलूख कळतो कसा? तेलासाठी समुद्रतळाखाली ध्वनिलहरी सोडून जी मोजणी झाली होती, तीच व्हिन्स गॅफनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये पुन्हा वाचली आणि बुडालेल्या नद्या, तळी, टेकड्यांचा हजारो चौरस किलोमीटरचा नकाशा काढला. एका नदीला तर शॉटन या भूगर्भशास्त्रज्ञाचं नाव दिलंय. फेरीत यातलं अक्षरही नाही. याच किनाऱ्यावर २०१६मध्ये बर्च झाडाच्या सालीपासून काढलेल्या डांबरात अर्धी बुडवलेली गारगोटीची पात मिळाली, निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीची, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीची. साल तापवून डांबर काढायचं म्हणजे विस्तवावर चांगलाच हात बसलेला हवा. त्या पातीला फेरीत मोजून एक वाक्य मिळालं, कारण गर्दीला मॅमथ हवा असतो.

म्हणून लायडनचं पुरावस्तू संग्रहालय जोडीला घ्याच. झीलंड या डच प्रांताजवळच्या समुद्रातून आलेल्या कवटीच्या एका तुकड्यावरून घडवलेला ‘क्रैन’ हा निअँडरथल तरुण तिथला. भुवईवरच्या गाठीसकट मिश्कील हसतो.

गट फार मोठा होता, मागच्यांना वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. इंग्रजी माहिती डचच्या निम्मी. आम्हाला काळ्या हाडाचा एक तुकडा मिळाला. गाइड म्हणाला, बहुतेक घोडा. फोटो पाठवून तज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्यायची सोय तिकडे ऑनलाइन आहे, ती वापरा.

कानटोपी आणि गमबूट न्या. छत्री नेऊ नका, वारा ठेवत नाही. मुलं अगदी लहान असतील तर पैसे भरून फेरी घेण्यापेक्षा ओहोटीची वेळ बघून आपले आपण जा. वाळू फुकट आहे.